मोदक, फ्लेक्स आणि कानडी जोडीदार

'मोदक' हा जाडजूड फॉन्ट लहान मुलांच्या पुस्तकांपलीकडे चालत नाही, असं मत वाचलं, ते पटलं नाही. इकडे बेळगावात गणपतीच्या फ्लेक्सवर मंडळाचं नाव त्यात झकास उठतं. अक्षराच्या पोटातली पोकळी जेमतेम फटीएवढी, त्यामुळे रंग भरगच्च बसतो. वर्गणीदारांची बारीक नावं मात्र त्यात घालू नका, नुसता लगदा होतो.

खरी अडचण कानडीची. कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, आणि मोदकमध्ये देवनागरी नि रोमनच. तिथं मोदक बनवणाऱ्या 'एक टाइप' या संस्थेचाच 'बलू' फॉन्ट घ्या. त्याच्या 'बलू तम्मा २' या कानडी आवृत्तीत कन्नड अक्षरं त्याच गुबगुबीत वळणाची आहेत, आणि फुकट. मोदकइतका जाड नाही, पण एक्स्ट्राबोल्ड या सर्वांत जाड वजनात पाटी रस्त्यापलीकडून वाचता येते.