मदत हवी आहे: रोज ऑफ शेरॉनच्या कळ्या गळतायत

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आपली जास्वंद इथल्या बर्फात टिकेना, म्हणून तिच्याच कुळातलं काटक रोज ऑफ शेरॉन ३ वर्षांपूर्वी अंगणात लावलं. मे उजाडला तरी नुसत्या काटक्याच, पालवी फुटेपर्यंत जीव टांगणीला लागतो! यंदा कळ्या भरपूर धरल्या, पण ऑगस्टमध्ये निम्म्या न उमलताच पिवळ्या पडून देठासकट गळतायत. ऊन ६ तास आहे, कीड दिसत नाही. हिरवळीला घातलेलं नत्राचं खत मुळांशी जात असेल का? की मधल्या कोरड्या आठवड्यांत पाणी कमी पडलं? फुलं नव्या फांदीवरच येतात, तर फेब्रुवारीअखेर छाटणी किती करावी? गणपतीला घरचं एक तरी फूल वाहायची फार इच्छा आहे.