मदत हवी आहे: जयपूर फूटसाठी थेट जयपूरला जावं का?

आमच्या मामांचा उजवा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखालून काढावा लागला. जखम भरलीय, पण संध्याकाळी सूज येते, म्हणून मामी रोज क्रेप बँडेज आवळून बांधते. वय ६१, गाव सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात. मामांचं एकच टुमणं, "म्हशीखाली बसता आलं पाहिजे."

म्हणूनच जयपूर फूट हा कृत्रिम पाय डोक्यात आहे. रबरी पाऊल घोट्यात वाकतं, अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून हे पाय मोफत बसवते, राहण्या-जेवणाचीही सोय करते. पैशाचा प्रश्न नाही, प्रवासाचा आहे. कुबड्या घेऊन एवढा रेल्वेप्रवास म्हणजे दिव्यच.

जयपूरला न जाता आपल्या भागातल्या शिबिरात पाय बसवलेलं कुणी आहे का? सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग) सैल झालं तर पुढे दुरुस्ती कुठे करता? सूज पूर्ण उतरेपर्यंत थांबलात का? डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण ज्यांच्या घरी हे झालंय त्यांचा अनुभव हवाय. मधुमेहींनी तर जरूर लिहा, मामांना दुसऱ्या पायाचीही धास्ती आहे. आणि हो, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढावं लागतं का?