मदत हवी आहे: स्तनाच्या ऑपरेशननंतर ड्रेनमधलं पाणी अचानक कमी झालंय, काढायची वेळ आली का?

प्रश्न – सिंहगड_रोड

आई, वय ५८. उजव्या बाजूचं एमआरएम (कॅन्सरसाठी स्तन काढायचं ऑपरेशन) झालंय, काखेतल्या गाठीही (लिम्फ नोड) काढल्यात. दोन ड्रेन (जखमेत साचणारं पाणी बाटलीत ओढणाऱ्या नळ्या) घेऊन घरी सोडलं. छातीच्या ड्रेनचं पाणी रोज थोडं थोडं कमी होतंय, आज ३५ मिली. काखेतल्याचे आकडे असे: १३०, ११०, ९५ आणि आज एकदम १०. ताप नाही. काखेखाली जरा फुगल्यासारखं वाटतंय. ड्रेन काढायची तारीख चार दिवसांनी आहे. ३० च्या खाली गेलं की काढतात असं सांगितलं होतं, मग आधीच जावं का? आणि तोवर हात हलवायचा की नाही? घरात दोन मतं आहेत.

नळस्टॉप

आजच फोन करा, पण ड्रेन काढायला म्हणून नाही. ९५ वरून १० हे सुकणं नव्हे. पाणी सुकतं ते छातीच्या ड्रेनसारखं, पायरीपायरीने. एकदम थांबलं आणि वर काख फुगली, तर पाणी तयार होतंय पण बाहेर येत नाहीये. ३० मिलीचा नियमही २४ तासांच्या मापाचा आणि साधारण सलग दोन दिवसांचा असतो. तोही नळी चालू असेल तरच.

आधी बाटली बघा. घडीची बाटली दाबलेलीच आहे का फुगली आहे? दाबलेली असून पाणी येत नसेल तर नळीत रक्ताची गुठळी अडकली असण्याची शक्यता जास्त. पाणी न येताच बाटली पुन्हा पुन्हा हवेने फुगत असेल तर कुठेतरी हवा शिरतेय: बूच नीट बसलेलं नाही, जोड सैल आहे, किंवा नळी सरकून तिचं एखादं भोक त्वचेबाहेर आलंय. बाहेर आलेली नळी घरी आत ढकलायची नाही. आणि नळी कॉटच्या कडेत दुमडलेली नाही ना, हेही बघा. बऱ्याचदा तेच असतं.

सिंहगड_रोड

बाटली दाबलेलीच आहे. नळीत काळपट दोरीसारखं काहीतरी दिसतंय.

सिस्टर_निवृत्त

मग गुठळीच. डिस्चार्जच्या वेळी नळी पिळायला शिकवली असेल तरच करा, नाहीतर ओपीडीत करून घ्या. हात धुवायचे. एका हाताने नळी त्वचेजवळ घट्ट धरून ठेवायची, म्हणजे टाक्यावर ओढ बसत नाही. दुसऱ्या हाताच्या चिमटीत सॅनिटायझर घेऊन नळी दाबत दाबत बाटलीकडे सरकवत न्यायची, उलट दिशेने कधीच नाही. तीन-चार वेळा. तरी गुठळी हलली नाही तर थांबा. सिरिंजने पाणी मारून मोकळी करायच्या फंदात पडू नका.

रिकामी करतानाचा क्रम बहुतेक घरी चुकतो. आधी नळीवरचा क्लॅम्प बंद, मग बूच उघडायचं, पाणी मोजायचं, बाटली पूर्ण दाबायची, दाबलेली असतानाच बूच लावायचं आणि शेवटी क्लॅम्प उघडायचा. हा शेवटचा क्लॅम्प उघडायचा राहिला तरी ‘पाणी कमी झालं’ असंच दिसतं! मोजायला मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज चांगली, वाटी-चमच्याचा अंदाज नको. दोन्ही ड्रेनचे आकडे वेगळे, रोज एकाच वेळी, रंगासह लिहा. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर हा क्रम ठीक. पिवळ्याचं पुन्हा लालभडक झालं, पाणी गढूळ किंवा वासाचं आलं, १००.४ च्या वर ताप गेला, किंवा बाटली काही तासांत रक्ताने भरली तर वाट बघायची नाही.

नळीच्या तोंडाशी हळद, पावडर काही लावू नका. आजी कितीही म्हणाल्या तरी.

फिजिओ_पुणे

हाताबद्दल घरातली दोन्ही मतं अर्धी बरोबर. मूठ उघड-मीट, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून चालू. खांदा मात्र ड्रेन असेपर्यंत ९० अंशांपर्यंतच, कारण लवकर वर ताणला की पाणी वाढतं. केस विंचरू द्या, डबे फळीवर ठेवायला लावू नका. ड्रेन निघाल्यावर सर्जनला विचारून भिंतीवर बोटं चढवत न्यायची आणि पोचेल तिथे पेन्सिलची खूण करायची. हे टाळलं तर पुढे अडतं: रेडिएशन लागलं तर हात डोक्यावर ठेवून पडून राहावं लागतं. दंडाची आतली बाजू बधिर वाटेल, तिथली नस काखेच्या ऑपरेशनमध्ये दुखावते किंवा कापली जाते. त्या भागाला गरम पिशवी नको, भाजलेलं कळत नाही.

नळस्टॉप

दाखवायला जाताना आकड्यांचा कागद न्या. रिक्षात बाटल्या हातात धरू नका, खड्ड्यात हिसका बसतो. पुढून उघडणाऱ्या गाऊनला आतून, जखमेच्या खालच्या पातळीवर पिन करा. साधे सुती गाऊन तुळशीबागेत मिळतील. रक्त तपासायला आणि बीपीला डावा हात द्यायचा, हे दर वेळी आधी सांगा.

ड्रेन निघाल्यावर काख पुन्हा फुगली तर घाबरू नका, साचलेलं पाणी सर्जन सुईने काढतात. काढलेल्या भागाच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये काखेतल्या किती गाठींपैकी किती बाधित आणि ईआर, पीआर, हर-टू (पुढची औषधं ठरवणाऱ्या कॅन्सरच्या पेशींवरच्या तपासण्या) हे तिन्ही आलंय का पाहा. हर-टू २+ (म्हणजे नक्की न ठरलेला) असेल तर फिश ही जनुकाची तपासणी लागते. त्यासाठी त्याच लॅबमधला ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) लागेल, तो मागून ठेवा.