दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात समस्याधारित अध्यापन कसे करावे?

प्रश्न
मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम (डॉक्टरला प्रत्यक्ष काय करता आले पाहिजे यावर बेतलेला) आल्यावर छोट्या गटांतील अध्यापनावर भर देणे अपेक्षित आहे. आम्ही आम्ल-अल्क संतुलन (रक्ताची आम्लता शरीर कशी स्थिर राखते) शिकवण्यासाठी एका रुग्णाची केस दिली : धाप लागलेला, उलट्या होणारा, श्वासाला फळांसारखा वास येणारा एकोणीस वर्षांचा मधुमेही तरुण. विद्यार्थ्यांनी उपविषय वाटून घेतले आणि प्रत्येकाने आपापल्या स्लाइड्स वाचून दाखवल्या. याला समस्याधारित अध्यापन म्हणावे का?

प्रतिसाद १
माझ्या मते हा सेमिनारच झाला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत केस आधी येते आणि वाचन नंतर. विद्यार्थ्याला आधीपासून जे ठाऊक आहे त्याच्या आधारे गट प्रथम स्पष्टीकरण रचतो, ते कुठे अडते हे शोधतो आणि त्यातूनच अभ्यासाची उद्दिष्टे ठरवतो. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाने याच प्रक्रियेच्या सात पायऱ्या रूढ केल्या. तुमच्या केसमध्ये ‘रक्त आम्लधर्मी झाले तर श्वसनाचा वेग का वाढावा?’ हा प्रश्न गटाला स्वतः पडायला हवा होता, आणि मग त्याचे उत्तर सर्वांनीच वाचून यायला हवे होते. विषय वाटून दिले की ज्याच्या वाट्याला मूत्रपिंड आले त्याला इन्सुलिनचा गंधही राहत नाही.

प्रतिसाद २
तत्त्व मान्य आहे, परंतु व्याख्यानाला इतके कमी लेखू नये. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढावा-लेखांत समस्याधारित पद्धतीचे विद्यार्थी चिकित्सा-कौशल्यात काहीसे सरस, तर मूलभूत विषयांच्या परीक्षांत काही वेळा मागे आढळले होते. बाहूच्या चेताजालाची (हाताकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या जाळ्याची) रचना केवळ केसमधून उलगडेल, असे मला वाटत नाही. तेथे शवविच्छेदन आणि फळ्यावरची आकृतीच हवी. शिवाय विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत टिपाच लिहायच्या असतील, तर विद्यार्थी टिपाच पाठ करणार.

प्रतिसाद ३
दहा-दहांचे पंधरा गट केले तर एका वेळी पंधरा मार्गदर्शक लागतील आणि एका विभागात इतके अध्यापक क्वचितच असतात. म्हणून जीवरसायनशास्त्र व वैद्यकशास्त्र विभागांना सोबत घेऊन एका घटकाला एकच केस ठेवावी. बफर-प्रणालीवर (रक्ताच्या आम्लतेतील बदल रोखणाऱ्या रासायनिक यंत्रणेवर) एक व्याख्यान आधी, मग केसची पहिली बैठक, वाचनासाठी मधले तीन-चार दिवस आणि त्यानंतर दुसरी बैठक, हा क्रम झेपण्यासारखा आहे. दुसऱ्या बैठकीत स्लाइड्स बंद ठेवाव्यात आणि मार्गदर्शकाने कोणालाही फळ्याजवळ बोलावून केसमधील कारण-परिणामांची संपूर्ण साखळी मांडायला सांगावी.