मदत हवी आहे: जुनी डिझायर बघितली आहे, पण पुरात बुडालेली असावी असं वाटायलंय (लातूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही औसा तालुक्यातले. वडिलांना दिवाळीपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे, लातूरला. उपचार सरकारी योजनेतून होतो, त्याचा भार नाही. भार आहे तो जाण्यायेण्याचा. जाताना एसटी चालते, येताना जमत नाही. मशीनवरून उठल्यावर त्यांना गरगरतं, सुया काढलेल्या जागी कापूस दाबून धरलेला असतो आणि त्या हाताला धक्का लागू द्यायचा नसतो. मागच्या महिन्यात बस खच्चून भरून आली. एका पोरानं उठून जागा दिली म्हणून निभावलं. तेव्हापासून गावातलीच गाडी भाड्यानं सांगतो. एका खेपेला हजार, कधी बाराशे. महिन्याला नऊ-दहा हजार नुसते त्यातच जायलेत. म्हणून घरात ठरलं की आपली गाडी घ्यायची.

बजेट साडेचार लाख. दीड लाख हातात आहेत, बाकीचं कर्ज काढणार. सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात गेलं, त्यामुळे यापेक्षा वर जाता येत नाही. फिरणं महिन्याला सात-आठशे किलोमीटर होईल. गाडी मीच चालवणार. लायसन्स आहे, हात बसलेला आहे, पण गाडी विकत घ्यायचा अनुभव घरात कुणालाच नाही.

लातुरात एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे डिझायर बघितली. डिझेल, २०१८चं मॉडेल, एमएच-२५ (धाराशिव) पासिंग, मीटरवर ७१ हजार. सांगतोय ४ लाख ४०. याच सालाची, एवढीच पळालेली गाडी दुसरीकडं कुणी साडेपाचच्या खाली बोलेना. पहिल्यांदा आनंद झाला, घरी आल्यावर तेच खटकायला लागलं.

गाडीत बसलो की अत्तराचा भपकारा येतो. काचा बंद करून पाच मिनिटं तसाच बसून राहिलो, तर त्या वासाच्या खालून दुसरा वास आला. पावसाळ्यात ओलं गोणपाट कोपऱ्यात पडून राहिलं की येतो तसा. कार्पेट नवीन, सीट कव्हर नवीन. सात वर्षं वापरलेल्या गाडीचं इंजिन इतकं चकचकीत की हात लावायला नको वाटावं. मागच्या सीटचा पट्टा मी सहज शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ आणि अगदी आतला वीतभर भाग मातकट. त्यावर एक आडवी रेघ. नख मारलं तर काळी माती निघाली.

डीलर म्हणतो, "शेतकऱ्याची गाडी होती, माती असणारच." आता शेतकऱ्याच्या गाडीत माती पायाशी असते, हे मलाही कळतं. पट्ट्याच्या गुंडाळीत कशी जाईल?

कागद बघितले. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडी दुसऱ्या मालकाकडं असल्याचं दाखवतंय. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, तोही ऑक्टोबर २०२५ला नवीन काढलेला. सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा, भूम, कळंब भागात पुरानं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. जनावरं गेली, घरं गेली, गाड्या तर किती दिवस पाण्यात होत्या. त्यातलीच ही असेल का?

मी ११ हजार इसार देऊन बसलोय. फोनवरून पाठवले आहेत. रविवारपर्यंत उरलेले द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, असं म्हणायलाय. वडिलांना इसाराचं अजून सांगितलेलं नाही. त्यांनी आयुष्यभर बैल घेतले, हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून देवणी जोड्या आणल्या. शिंगं रंगवून, अंग पुसून आणलेल्या बैलाचे दात बघितल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या हातात रुपया ठेवला नाही.

पुराची गाडी पक्की ओळखायची कशी? दुरुस्ती नीट झाली असेल तर कमी किमतीत घ्यायला हरकत आहे का? अर्ध्या रस्त्यात गाडी बंद पडली आणि वडील मागं झोपलेले असले तर काय करू, हा एकच विचार डोक्यात आहे. कृपया लवकर सांगा.

गॅरेजवाला परभणी:

भाऊ, तुमची शंका रास्त आहे. पट्ट्यावरची रेघ ही पाण्याची पातळी असते. गाडी धुणारे सगळं धुतात, पट्टा शेवटपर्यंत कुणी ओढत नाही.

तरी खात्री करून घ्या. दरवाजाच्या उंबऱ्याशी प्लास्टिकची पट्टी असते, ती क्लिपावर बसवलेली असते. ती उचलून कार्पेट वर करा आणि खालचा जाड थर बघा. कार्पेट बदलतात, तो थर बऱ्याचदा तसाच ठेवतात. सीट पुढं-मागं सरकते त्या पट्टीचे बोल्ट बघा. ते गंजलेले असले, किंवा त्यावर पान्याच्या ताज्या खुणा असल्या तर सीट बाहेर काढलेली आहे. डिकीत स्टेपनीच्या खालचा खड्डा, जॅक, पाना बघा. हेडलाइटच्या आत, काचेच्या तळाशी मातीची बारीक रेघ राहते. ती बाहेरून पुसता येत नाही.

आता महत्त्वाचं. चावी फिरवा पण गाडी चालू करू नका. मीटरवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो काढून टाकलाय असं समजा. दुसऱ्या कुठल्या दिव्याबरोबर अगदी एकाच क्षणी विझत असेल तर तो त्याच्या वायरला जोडलेला असू शकतो. एअरबॅगचा कंट्रोल डबा बहुतेक गाड्यांत हँडब्रेकच्या आसपास, खाली फरशीलाच असतो. म्हणजे पाणी गुडघ्याएवढं शिरलं की पहिला तोच बुडतो. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधला बिघाड वाचणारं यंत्र, लावणारा मेकॅनिक सोबत न्या.

दुरुस्ती नीट झाली असेल तर घ्यावी का, असं विचारलंत. माझं उत्तर नाही. इंजिनात पाणी गेलं तर ते उघडून साफ करता येतं, ऑइल बदलता येतं. वायरिंगचं तसं नाही. एकेका जोडात ओल धरून राहते, तांब्याला हिरवट कळा येते आणि सहा-आठ महिन्यांनी एक-एक गोष्ट बंद पडायला लागते. आज काच खाली होत नाही, उद्या स्टार्टर घेत नाही, परवा चालत्या गाडीत सगळे दिवे जातात. माझ्याकडं ऑक्टोबरपासून अशा गाड्या यायलेत. एका गाडीला तीनदा हात लावला, तिन्ही वेळा वेगळा आजार. रोगी माणसाला ने-आण करायची गाडी ही नव्हे.

धाराशिवकर:

कागदांचं मी सांगतो, गेली बरीच वर्षं विम्याच्या कामात आहे.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. तो कुणीतरी घेतो, वर-वर उभा करतो आणि बाजारात आणतो. यात बेकायदा काही असेलच असं नाही, पण घेणाऱ्याला सांगायला पाहिजे.

डीलरला एकच मागा: ऑक्टोबरच्या आधीची पॉलिसी. ती फुल इन्शुरन्सची असेल तर त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, लिहिलेला असतो. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. सात वर्षांच्या गाडीला तो शून्य दिसला तर विचारा, आधी क्लेम झाला होता, की मालक बदलल्यामुळं शून्य झाला? त्या पॉलिसीनंतरचा, म्हणजे सप्टेंबरातला क्लेम मात्र त्यावर दिसणार नाही. पॉलिसीच "हरवली" असं उत्तर आलं तर तेही एक उत्तरच आहे. हा बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर तुमच्याकडं येत नाही. तेवढं किमतीत धरू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा इतिहासही काढून मागा. दरवर्षी दोनदा आलेली गाडी एकदम यायची बंद झाली असेल तर ती तारीख बघा.

आणि पुढं कुठलीही गाडी घेतलीत तरी फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली म्हणजे गाडी नावावर झाली असं समजू नका. आरटीओत ट्रान्सफर पडेपर्यंत पैशाचा शेवटचा हप्ता हातात ठेवा. जुनं कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. बरेच लोक हे सोडून देतात आणि अपघात झाला की स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचा नियम आहे. तुमच्या डीलरकडं ते आहे का, विचारा.

नांदेडहून:

डिझेल कशाला? महिन्याला सात-आठशे किलोमीटरवर डिझेलची बचत फार नाही, आणि टर्बो किंवा इंजेक्टरचं काम निघालं तर दोन वर्षांची बचत एका दिवसात जाते. शिवाय मारुतीनं एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्याच बंद केल्या, पुढं विकायला त्रास.

दुसरं, डिझायरमध्ये बसायला खाली वाकावं लागतं. माझ्या सासूबाईंना डायलिसिसला न्यायचो तेव्हा आमच्याकडं सेडान होती. उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागायचं. वॅगनआर घेतली आणि त्या एकट्या उतरायला लागल्या. सीट कमरेच्या उंचीला येते, नुसतं टेकायचं आणि वळायचं. पेट्रोल वॅगनआर बघा, २०१९ किंवा पुढची.

भावाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला. नव्या गाड्या उतरल्या म्हणजे जुन्याही उतरायला पाहिजेत. जुन्याच दराला चिकटून बसणाऱ्याला हे तोंडावर सांगा.

धागाकर्ता (शनिवारी रात्री):

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेलो होतो. डीलर पट्टी उचलू देईना. मी म्हणालो, मग इसार परत द्या. तेव्हा उचलू दिली.

कार्पेटखालचा थर वाळलेला होता, पण हातानं सोलला तर काळी माती पापुद्र्यासारखी सुटून आली, तळं आटल्यावर काठाला भेगाळते तशी. सीटच्या बोल्टवर ताज्या पान्याच्या खुणा होत्या. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. मेकॅनिकनं स्कॅनर पिशवीतून काढलाही नाही. जुनी पॉलिसी मागितली, ती नाही म्हणाला.

गाडी सोडली. ११ हजारांतले ५ परत मिळाले, ६ हजार "पुढच्या गाडीत धरू" म्हणायलाय. त्याच्याकडून पुढची गाडी घ्यायची नाही. पैसे पाठवल्याची नोंद आणि पट्ट्याचे, मातीचे फोटो जपून ठेवलेत. सोमवारी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर फोन करणार आहे.

वडिलांना आज सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. पट्ट्याचा फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरून बघितला आणि विचारलं, ज्याची गाडी वाहून गेली त्याला पैसे तरी मिळाले का रे?

आता अहमदपूरला एका निवृत्त शिक्षकांची २०१९ची पेट्रोल वॅगनआर आहे. पहिला मालक, ४८ हजार किलोमीटर, फुल इन्शुरन्स, नो क्लेम बोनस ५० टक्के. पॉलिसीचा फोटो न मागता पाठवला. ४ लाख ३० सांगतायत. मंगळवारी डायलिसिस आहे, बुधवारी सकाळी बघायला जायचंय. अहमदपूर किंवा चाकूर भागात स्कॅनर असलेला भरवशाचा मेकॅनिक कुणाच्या माहितीत आहे का? त्याची मजुरी देईन, जाण्यायेण्याचं भाडंही देईन.