पुणं की संभाजीनगर?

बीडच्या ताईने विचारलंय, एमएला पुणं गाठावं की संभाजीनगरच्या विद्यापीठात यावं. वर उत्तर दिलेल्या बहुतेकांनी पुणं सुचवलंय. मी संभाजीनगरलाच एमए केलं, म्हणून माझं मत थोडं वेगळं.

खर्चाचा फरक तर आहेच. पण १९५८ पासूनच्या या विद्यापीठाची खरी कमाई मला ग्रंथालयात दिसली. परीक्षा जवळ आल्या की सकाळीच पिशवी ठेवून जागा धरायची. शेजारचा भूमचा किंवा परळीचा पोरगा नेट-सेटच्या (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षांच्या) नोट्स न मागता पुढे सरकवतो. (चहा मात्र आपल्याकडून.) वर्गात मिळालं नाही तेवढं मला त्या बाकांवर मिळालं.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेव. ऐन प्रवेशात दाखले देणाऱ्या सेतू केंद्रावर ही गर्दी असते. वसतिगृह आणि 'कमवा व शिका' योजनेची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच कर. शिष्यवृत्ती उशिरा येते असं धरूनच पहिल्या सहामाहीचा हिशेब मांड.

आणि हो, धाराशिवलाही याच विद्यापीठाचा उपपरिसर आहे. विषय मोजके आहेत, पण तुझा असेल तर घरापासून तेही फार लांब नाही.