गावाकडची म्हातारी माणसं आणि दवाखाना : तुमचे अनुभव लिहा

पायवाट :
परवा एसटीत शेजारी एक आजी होत्या. मांडीवर कॅरीबॅग, त्यात तीन डॉक्टरांच्या गोळ्यांची कापलेली पाकिटं, सगळी एकत्र. म्हणाल्या बाळा यातली बीपीची कंची ते बघ. मुलाला फोन लावू का म्हटलं तर म्हणे नगं, लगीच 'चल पुण्याला' म्हणतो. आमची आज्जी आठवली. आधी अंगावर काढायचं, मग शेजारच्या काकूला सांगायचं, मग मेडिकलमधनं 'गुडघ्याची गोळी', डॉक्टर सगळ्यात शेवटी. घरात कळायचं ते तिसऱ्याच माणसाकडनं. तुमच्याकडं आधी कुणाला सांगतात?

जास्वंद :
सासऱ्यांचं एकच, सलाईन. पीएचसीतला (सरकारी आरोग्य केंद्रातला) नवीन डॉक्टर चांगला आहे, तपासतो नीट, पण सुईची गरज नाही म्हणाला की याला काय येत नाही, झालं. मग तालुक्याला जाऊन सलाईन लावून येतात आणि दोन दिवस खूश.

बिनधास्त_बाळू :
सुई पण कमरेतच पायजे 😂 दंडात दिली तर अर्धंच औषध गेलं म्हणतात

ओट्यावरची :
मी आशा वर्कर आहे, आमच्याकडं गरोदर बायांच्या आणि लसीकरणाच्या नोंदी असतात पण ओट्यावर टेकलं की म्हाताऱ्या बायका जे बोलतात ते कुठल्याच रजिस्टरमधे बसत नाही. अंग (गर्भाशय) बाहेर येतं हे वर्षानुवर्षं सांगत नाहीत, लुगड्याची घडी लावून शेतात खुरपत बसतात, सुनेला माहीत नाही, नवऱ्याला तर नाहीच, एकीनं मला सांगितलं ते पण दाराची कडी लावून. पुरुष डॉक्टर आहे म्हटलं की परत फिरतात. ऑपरेशन नको असलं तर आत बसवायची रिंग पण मिळते, पण तिथवर पोचायला तर हवं. आणि मोतीबिंदू 'पिकू द्या' म्हणून थांबतात, आता पिकायची वाट बघायला लागत नाही हे घसा कोरडा होईस्तोवर सांगते.

जास्वंद :
ताई 🙏 आमच्या मावशीचं अगदी हेच होतं

नांगरफाळ :
आमचे दादा. छातीत कळ आली तर 'गॅस' म्हणत अख्खी रात्र बसून काढली, घाम पुसत. सकाळी मी १०८ ला फोन केला तर माझ्यावरच ओरडले, गाडी दारात आली की गाव गोळा होतं म्हणे. स्ट्रेचर नको म्हणून चपला शोधून चालत गेले गाडीपर्यंत, अटॅक आलेला माणूस!! आता स्टेंट आहे, ठणठणीत आहेत, फक्त बरं वाटलं की रक्त पातळ करायची गोळी बंद करतात आणि विचारलं की म्हणतात संपलीय.

बिनधास्त_बाळू :
बरं वाटतंय ते गोळीमुळंच वाटतंय हे आमच्या तात्यांना कोण सांगणार, बीपी शुगर दोन्हीला तोच नियम लावलाय त्यांनी

कंपाउंडर_निवृत्त :
गुडघ्यावर जी पुडी मिळते ना, खाल्ली की दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. तोंड सुजतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. खूप दिवस चालू असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची असते. दुसरं, अंगावरनं वारं गेलं (लकवा) की मालिशवाल्याकडं नेतात. तोंड वाकडं, हात उचलेना, बोबडं बोलणं, हे दिसलं की सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा, गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आमच्या भागात तेवढा वेळ रिक्षा ठरवण्यातच जातो.

सुमी_फलटण :
आमच्या आईचा दवाखाना बाजाराच्या दिवशीच. ७५ च्या पुढं एसटी फुकट झाल्यापासनं (२०२२ ना?) कुणाला न विचारता जाते, पिशवीत भाजी आणि केसपेपर एकत्र. आधी तिकिटाला पण माझ्या भावाकडं हात पसरायला लागायचा आणि मग कशाला जातेस, काय झालंय, शंभर प्रश्न. मला वाटतं निम्मी दुखणी त्या प्रश्नांच्या भीतीनं लपवतात.

नांगरफाळ :
हो २०२२ च. ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. पण आमच्या वाडीत एसटीच येत नाही ते सोडा

पायवाट :
सुमी, बरोबर बोललीस. ७० वर्षांवरच्यांचं ते ५ लाखांचं आयुष्मान कार्ड काढलं का कुणी?

सुमी_फलटण :
काढायला गेलो तर आधारला नंबर भावाचा. तो सुरतेला कामावर, ओटीपी तिकडं, फोन उचलत नाही, मशीनवर बोट लावलं तर आईचं बोटच उमटेना, खुरपून खुरपून रेषाच गेल्यात. शेवटी डोळ्यानं झालं.

बिनधास्त_बाळू :
डोळ्यानं होतं? तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चालंल का

ओट्यावरची :
सहसा चालतं, डोळा बरा झाल्यावर न्या. आणि जाताना आधारला नंबर तुमचा टाकून घ्या बाळूभाऊ, नाहीतर तात्या मलाच फोन करतात ओटीपी आला का म्हणून.

बिनधास्त_बाळू :
अगं बाई तुम्ही आमच्याच गावच्या का काय 😳